रवण

आमच्याकडे कोंबडी अंड्यांवर बसली की ‘रवणीला बसली’ म्हणतात. घाटावर तिलाच ‘खुडूक कोंबडी’ म्हणतात, हे मला पुढे नोकरीनिमित्त घाट चढल्यावर कळलं. माझी आजी रवण बसवण्यात वाडीत एक नंबर. कुणाची अंडी वाया जायला लागली की बाया तिला बोलवायला यायच्या. मग ही पदर खोचून निघायची. जुनी टोपली, तळाशी चुलीतली राख, त्यावर मऊ गवत आणि त्यात नऊ नाहीतर अकरा अंडी. अंडी मांडली की प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक रेघ ओढायची. दुसरी एखादी कोंबडी मध्येच येऊन टोपलीत अंडं घालून गेली तर बिनरेघेचं ते ओळखून काढता यावं, हा एक उपयोग. दुसरा उपयोग असा, की अंडं फिरवलं की नाही ते रेघेवरून कळतं. कोंबडी आपली अंडी चोचीने आणि पायाने दिवसातून अनेकदा फिरवते. एखादी आळशी निघाली की आजी हाताने फिरवायची. सकाळी रेघ वर, संध्याकाळी रेघ खाली. “एका अंगार निजलां तर अंडां करपता,” असं ती म्हणायची. एकविसाव्या दिवशी टोपलीत चिवचिव सुरू झाली की आजीचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

हे सगळं सांगायचं कारण कोंबडी नाही. अजगर आहे.

मी चौथीत होतो. मे महिन्याची सुट्टी होती. पंधरा-वीस दिवसांत आमच्या तीन कोंबड्या आणि शेजारच्या काकूंच्या दोन गेल्या होत्या. पिसं नाहीत, रक्त नाही, आवाज नाही. कोल्हा असता तर पिसं पडली असती. बाबांना तेव्हाच संशय आला होता. एका सकाळी गोठ्यामागच्या गवताच्या गंजीतून बैलांसाठी गवत ओढताना त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे न वळता हळूच हाक मारली, “आर आसा रे. गवतात आर आसा.”

अजगराला आमच्याकडे आर म्हणतात. पाच मिनिटांत अर्धी वाडी जमली. गंज बाजूला ओढली तसा तळाशी चिऱ्यांच्या आड एक मोठा ढीग दिसला. वेटोळ्यावर वेटोळं, आणि सगळ्यात वर ते पसरट डोकं. अंगावर तपकिरी-पिवळे मोठमोठे चट्टे. गवत निघालं, ऊन पडलं, माणसं ओरडत होती, तरी ते जनावर जागचं हललं नाही. एकदाच फुस्स केलं आणि डोकं परत वेटोळ्यावर टेकवलं. कुणीतरी म्हणालं, “पोट भरलांहा. कोंबये खाऊन सुस्त पडलांहा.” सगळे हसले. अजगर म्हणजे आळशी, हे आपल्या भाषेतच पक्कं बसलेलं आहे. दुपारी लोळत पडलेल्या पोराला आई म्हणते ना, काय अजगरासारखा पडलायस म्हणून.

पहिला घाव बाबांनी घातला. कोयत्याचा. मग दांडे पडले. मी चिऱ्यांच्या गडग्यावर उभा राहून सगळं बघत होतो. खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा मजाच वाटत होती.

सगळं संपल्यावर दोघांनी दोरीने ते धूड ओढलं. वेटोळी सुटली आणि खाली अंडी दिसली. पांढरीशुभ्र, हंसाच्या अंड्याएवढी, एकमेकांना चिकटून झालेला ढीग. वीस-पंचवीस तरी असतील. गर्दीचा आवाज एकदम बसला. बाबा कोयता खाली धरून तसेच उभे राहिले. मग कुणीतरी म्हणालं, “बघताय काय? इतकी आरां व्हाळात फिराक लागली तर?” आणि दांडे परत चालू झाले. उरलीसुरली अंडी व्हाळाच्या कडेला नेऊन टाकली.

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी व्हाळावर गेलो. पाच अंडी धड होती. शर्टात गुंडाळून आणली आणि थेट आजीसमोर ठेवली. मला वाटलं होतं ओरडेल. तिने एक अंडं हातात घेतलं. कोंबडीच्या अंड्यासारखं ते कडक नव्हतं. ओल्या चामड्यासारखं, दाबलं तर दबेल असं. तिने ते कानाशी नेलं, मग नाकाशी. “आवशीक मारल्यानी,” ती म्हणाली. “आता ह्यांका कोण बघतला?”

मी म्हटलं, “आपली तांबडी कोंबडी बसलीये ना?”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अंडां तां अंडांच. ऊब गावली काय जीव धरतला. बापाशीक सांगू नको.”

तांबड्या कोंबडीखालची तिची स्वतःची अंडी आजीने दुसरीकडे हलवली आणि ही पाच मांडली. कोंबडीने मान वाकडी करून बघितलं, दोनदा चोच मारली आणि पंख पसरून बसली. आजीने नेहमीप्रमाणे कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या. पण ही अंडी जड. कोंबडीला ती फिरवता येईनात. तेव्हा ते काम आजीने माझ्याकडे दिलं. सकाळी रेघ वर, संध्याकाळी रेघ खाली. मी एकही पाळी चुकवली नाही. त्या सुट्टीत मी दुसरं काही इतकं मन लावून केल्याचं आठवत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंड्यांना खळगे पडायला लागले. आजीने रात्री चिमणीच्या उजेडासमोर एक अंडं धरलं. ती कोंबडीची अंडी सातव्या दिवशी अशीच बघायची. आत तांबड्या बारीक शिरा दिसल्या की जीव आहे, नुसता पिवळा उजेड दिसला की पोकळ. या अंड्यात शिरा होत्या, पण काळपट. आजीने ते परत ठेवलं. दहाव्या दिवशी वास यायला लागला. कोंबडी उठून गेली ती परत बसेना. आजीने विळीवर एक अंडं चिरलं. आत बोटभर लांबीचं, गुंडाळलेलं, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके असलेलं पिल्लू होतं. मेलेलं. पाचही तशीच.

आजीने ती माडाच्या बुंध्यात पुरली. त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री माझ्या अंगावर पांघरूण घालताना म्हणाली, “माजाच खंय तरी चुकलां.” तिच्या हाताखालून शेकडो पिल्लं बाहेर पडली असतील. तिला चुकल्यासारखं वाटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. काय चुकलं ते तिला कळलं नाही. मला कळलं ते चाळीसएक वर्षांनी.

*

निवृत्तीनंतर मी गावी परतलो तेव्हा बाबा ऐंशीच्या पुढे गेले होते. एका वर्षी मेच्या अखेरीस वाडीच्या रस्त्याचं काम निघालं. व्हाळावरची जुनी दगडी मोरी पाडून तिथे मोठे सिमेंटचे पाइप घालायचे होते. मोरीची एक बाजू जेसीबीने पाडली आणि चालक खाली उडी मारून लांब पळाला. पडलेल्या दगडांच्या आत, मोरीच्या कोनाड्यात, मला ओळखीचा तो ढीग दिसला. वेटोळ्यावर वेटोळं आणि वर डोकं.

या वेळी कुणी दांडा उचलला नाही. एका पोराने मोबाईल उचलला आणि शेजारच्या गावातल्या सर्पमित्राला फोन लावला. काळ बदलतो तो असा. सर्पमित्र म्हणजे पंचविशीतला मुलगा. वनखात्याकडे नोंद असलेला. आल्या आल्या त्याने काही पकडलं नाही. सगळ्यांना मागे सारलं, जेसीबी बंद करायला लावला आणि वनरक्षकाला फोन केला. मग लांबूनच बॅटरी मारून बघितलं आणि मला म्हणाला, “काका, मादी आहे. अंड्यांवर बसली आहे. हिला उठवायचं नाही.”

मला वाटत होतं, आता पिशवी काढेल आणि पकडेल. तो म्हणाला, अजगराची अंडी गोळा करण्याची सगळ्यात चांगली रीत म्हणजे गोळा न करणं. आईसारखं मशीन कुणाकडे नाही. शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ नुसतं मारणं एवढाच नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, त्यांची अंडी किंवा घरटं हलवणं, हीसुद्धा शिकारच. म्हणजे आमच्या गंजीपाशी त्या दिवशी दोन शिकारी झाल्या. एक बाबांच्या हातून आणि एक माझ्या आणि आजीच्या.

दोन दिवस काम थांबलं. वनक्षेत्रपाल येऊन बघून गेले. मोरी अर्धी पडली होती. वरचे दगड केव्हा ढासळतील सांगता येत नव्हतं. मिरग आठ-दहा दिवसांवर आला होता आणि पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ त्याच कोनाड्यातून वाहणार होता. पाण्याला बाजूने वाट काढून देता येईल का, हे त्या मुलाने तीन वेळा उतरून बघितलं. उतारच तसा नव्हता. अंडी तिथे ठेवली तर बुडणार हे नक्की. शेवटी वनक्षेत्रपालांनी लेखी परवानगी दिली. मादीला जवळच्या रानात सोडायचं आणि अंडी खात्याच्या रोपवाटिकेतल्या खोलीत उबवायची. रोपवाटिका आमच्या घराला लागूनच आहे.

त्या दोन दिवसांत मी पहाटे मोरीपाशी जाऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी तो मुलगाही आला. पहाटेचा गारवा होता. तो कुजबुजला, “वेटोळ्यांकडे बघत ऱ्हवा.” मी बघत राहिलो. काही क्षणांनी वेटोळ्यांना बारीक झटका बसला. मग परत. उचकी लागल्यासारखा, पण सगळ्या अंगाला. पाच-सहा वेळा मोजला. “आजारी आहे का?” मी विचारलं.

“नाही काका. उब करते आहे. थंडीत आपण कुडकुडतो ना, तशी ती मुद्दाम कुडकुडते. हवा जितकी गार, तितके झटके जास्त.”

साप थंड रक्ताचा, त्याला स्वतःची ऊब नसते, असं मीही शाळेत शिकलो होतो. अजगराची मादी त्याला अपवाद आहे, तीही अंड्यांवर असते तेवढ्यापुरती. हे मी पुढे वाचून काढलं. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी भारतात फिरून गेला. इथली अजगराची मादी आपली अंडी उबवते, असं त्याने १८३२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितलं. तिथल्या पंडितांनी ते मानलं नाही. १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक मादी अंड्यांवर बसली, तेव्हा व्हॅलेन्सियन या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यांत तापमापक घालून बघितला. वेटोळ्यांत खरंच बाहेरच्यापेक्षा जास्त ऊब होती. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या भारतीय मादीवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हवा गार होत गेली तसे तिचे झटके वाढत गेले, आणि भोवतालच्या हवेपेक्षा साधारण पाच अंशांपर्यंत जास्त ऊब ती राखू शकली. हे काम ती दोन महिने करते. या काळात खात नाही. आधी अंगावर साठवलेलं जाळत राहते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत हडकून जाते. आम्ही ज्याला सुस्ती म्हणालो होतो ती ही. आणि कोंबड्या का गेल्या तेही मला आत्ता उमगलं. त्या आधीच्या उपासाची शिदोरी होती.

*

अंडी उचलायची ती उजाडता उजाडता, असं ठरलं. गारव्यात जनावर मंद असतं. आम्ही पाच जण होतो. तो मुलगा, त्याचा एक साथीदार, दोन वनरक्षक आणि मी. माझ्याकडे फक्त एक पेन्सिल आणि बॅटरी दिली होती.

हे वाचून कुणी असा उद्योग करू नये म्हणून आधीच सांगतो. अजगराला विष नसतं, पण दात असतात. आतल्या बाजूला वळलेले, सुईसारखे. हात सापडला आणि घाबरून मागे ओढला की मांस फाटतं. आणि मोठ्या अजगराला एकट्याने कधी हात घालायचा नाही. विळखा बसला तर सोडवायला दुसरा माणूस लागतोच.

त्याने आधी तिच्या डोक्यावर ओला पंचा अलगद टाकला. दिसेनासं झालं की जनावर निम्मं शांत होतं. पंच्यावरूनच मानेमागे हात धरला, घट्ट नाही, पण सुटणार नाही असा. मग साथीदाराने शेपटीकडून एकेक वेटोळं सोडवायला सुरुवात केली. ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं तर वेटोळ्यात अडकलेलं अंडं घरंगळतं. वनरक्षकांनी सुटलेलं अंग हातांवर तोलून धरलं. तिने जोरात फुत्कार टाकला आणि घाण सोडली. त्या वासाने डोळ्यांना पाणी आलं. साधारण अकरा फूट भरली. पाठीचा कणा हाताला लागत होता. ती पिशवीत गेली आणि पिशवी सावलीत.

आता अंडी. मी वाकून हात पुढे केला तसा तो मुलगा जवळजवळ ओरडलाच, “काका, हात नको! आधी खूण!”

मग त्याने सांगितलं आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. अजगराच्या अंड्यात घातल्यापासून एक-दोन दिवसांत जीव आतून कवचाच्या वरच्या अंगाला धरतो. खाली पिवळा बलक, वर जीव आणि त्याच्या शिरा. तिथून पुढे पिल्लू बाहेर येईपर्यंत ते अंडं तसंच राहिलं पाहिजे. फिरवलं की शिरा तुटतात, नाहीतर जीव बलकाच्या भाराखाली दबतो. म्हणून आधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करायची आणि मगच उचलायचं. पेन्सिलच. पेनची शाई कवचातून आत उतरते. चिकटलेली अंडी सोडवायची नाहीत, ढीगच्या ढीग उचलायचा. “वरची बाजू वरच ऱ्हवाक व्हयी, काका. काय झालां तरी.”

कोंबडीचं नेमकं उलट. तिचं अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. आजी म्हणायची ते करपणं हेच. अजगराचा जीव चिकटलेला राहिला तरच जगतो. कोंबडीच्या पोटाखाली अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळते. अजगराच्या अंड्याला एकतीस ते तेहतीस लागते. कोंबडीचं कवच कडक, त्याला कोरडी राख चालते. अजगराचं कवच मऊ, ते भोवतालची ओल पीत असतं आणि ओल नाही मिळाली की त्याला खळगे पडतात. आजीने जे जे केलं ते कोंबडीसाठी अगदी बरोबर होतं. आणि मी सकाळ-संध्याकाळ, एकही पाळी न चुकवता, रेघ वर, रेघ खाली करत होतो.

मी चोवीस खुणा केल्या. हात थोडा थरथरत होता. ढीग उचलताना कडेचं एक अंडं सुटून वाळूवर घरंगळलं. माझी खूण तिथे पुसट उठली होती आणि आता दिसेना. त्या मुलाने अंडं न फिरवता खालून बॅटरी लावली. शिरांचं तांबडं जाळं एका बाजूला दिसलं. ती बाजू वर धरून त्याने मला परत खूण करायला सांगितली. तो मला काही बोलला नाही.

संध्याकाळी मादीला जवळच्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला सोडलं. तिला परत अंड्यांपाशी का नको, असं मी विचारलं. उठवलेली मादी उघड्या रानात परत बसेलच याची खात्री नसते, आणि कोनाड्यासारखी जागा हाताने करून देता येत नाही, असं तो म्हणाला. पिशवीचं तोंड उघडल्यावर ती लगेच गेली नाही. थोडा वेळ जीभ बाहेर काढत डोकं फिरवत राहिली. मग गेली. मला त्या वेळी तिच्याकडे बघवलं नाही.

*

मासळीचा थर्माकोलचा खोका धुऊन वाळवला. त्यात नारळाच्या सोडणाचा भुसा ओला करून पसरला. ओल किती, तर मूठ दाबली की गोळा व्हावा पण थेंब गळू नये इतकी. त्यात अंडी अर्धी रुतवून मांडली. खुणा वर. झाकणाला बारीक भोकं आणि आत तापमापक. हा खोका एका मोठ्या पेटाऱ्यात ठेवून पेटाऱ्यात चाळीसचा बल्ब लावला. काटा एकतिसाच्या खाली गेला तर बल्ब चालू, तेहतीस झाला तर बंद. वनरक्षकाला तीन गावं सांभाळायची. त्यामुळे काटा बघायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

मिरगाने त्या वर्षी दणका दिला. दुसऱ्याच दिवशी आकेशीचं झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली ती दोन रात्री आली नाही. वनरक्षक पलीकडच्या गावात अडकला. हवा एकदम गार झाली. रात्री नऊ वाजता काटा एकोणतिसावर होता आणि उतरत होता. सर्पमित्राला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, बाटल्यांत कोमट पाणी भरून पेटाऱ्यात खोक्याच्या कडेने लावा, उकळतं नको, आणि दर दोन तासांनी बदला.

मी घरी येऊन चूल पेटवली. बाबा पडवीत जागे होते. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इतके दिवस ते या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. मोरीकडेही आले नव्हते. ते उठले, काठी टेकत चुलीपाशी आले आणि पाटावर बसले. “तू थंय बस. पाणी मी तापवतंय,” म्हणाले.

दोन रात्री आम्ही बापलेक ते करत होतो. मी पेटाऱ्यापाशी कंदील घेऊन. बाबा चुलीपाशी. पाणी झालं की ते भिंतीवर काठी आपटायचे आणि मी जाऊन बाटल्या आणायचो. ते पाण्यात बोट बुडवून बघायचे, जास्त झालं असेल तर गार घालायचे. आजी पिल्लांच्या पाण्यात बोट बुडवायची तसंच. काटा उतरला की बाटल्या, चढला की झाकण किलकिलं. दुसऱ्या रात्री पहाटे मला थंडी वाजून अंगावर काटा आला. मी कुडकुडत बसलो होतो तेव्हा माझंच मला हसू आलं. मोरीतली ती हेच करत होती. फक्त तिला चूल नव्हती आणि पाणी तापवून देणारं कुणी नव्हतं.

पहाटे बाटल्या घ्यायला गेलो तेव्हा बाबा विस्तवाकडे बघत होते. म्हणाले, “तेव्हा तां पळाक नाय. इतकी माणसां, इतको आवाज, तरी हललां नाय. माका वाटलां, पोट भरलां म्हणान पडलां आसा.” मग थोड्या वेळाने, “अंडी बघून पण मी कोयतो खाली ठेवक नाय.”

मी काय बोलणार? त्या पाच अंड्यांचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या पहाटे सांगितलं. आजीची रवण, कोळशाच्या रेघा, माडाचा बुंधा, सगळं. बाबा म्हणाले, “माका ठावक होता. वास येय होतो.”

*

दोन अंडी सुरुवातीपासूनच पिवळट आणि लहान होती. ती पोकळ निघाली. घरंगळलेलं ते अंडं तिसऱ्या आठवड्यात बुरशी धरून गेलं. आणखी तीन नंतर गेली. बाकीच्यांना जुलैच्या मध्याला खळगे पडायला लागले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सर्पमित्र म्हणाला, “घाबरू नका काका. हे वेगळे. आता आतलं संपत आलं आहे.”

दोन दिवसांनी सकाळी झाकण उघडलं तर चार अंड्यांवर चिरा होत्या. पिल्लाच्या नाकाडावर एक बारीक दात असतो. त्याने ते कवच आतून कापतं आणि पुढे तो दात गळून पडतो. एका चिरेतून नाकाडाचं टोक बाहेर आलं, जीभ लपलपली आणि परत आत गेलं. पिल्लं लगेच बाहेर पडत नाहीत. डोकं बाहेर काढून दिवस-दीड दिवस तशीच राहतात. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतात. त्यांना बाहेर ओढून ‘मदत’ करायची नाही, हेही त्या मुलाने बजावून सांगितलं होतं. तीन दिवसांत अठरा पिल्लं बाहेर पडली. प्रत्येक जवळजवळ दोन फूट, आईचेच चट्टे, नवे कोरे. आणि पहिल्या दिवसापासून चावायला तयार.

मी बाबांना धरून रोपवाटिकेत नेलं. ते खोक्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले. एका पिल्लाने त्यांच्या काठीवर झेप टाकली. बाबा दचकले आणि मग हसले. “किती?” म्हणाले. मी म्हटलं, अठरा. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. काय मोजलं ते मी विचारलं नाही.

पहिली कात टाकल्यावर वनखात्याने पिल्लं ओढ्याच्या कडेने वेगवेगळ्या जागी सोडली. त्यांतली किती मोठी होतील? फार नाहीत. मुंगूस, घोरपड, घार, सगळ्यांचा त्यांवर डोळा. आणि जी मोठी होतील ती एखाद्या मे महिन्यात कुणाच्या तरी कोंबड्या नेतील, हेही खरं. आमच्या ह्यांनी मला तसं स्पष्ट विचारलंच, “उद्या आपल्याच खुराड्यात आलं तर?” मी खुराड्याला बारीक जाळी मारून घेतली. त्याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परवा घरात रवण बसवली. नऊ अंडी. सून कोळसा घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, रेघा तुम्हीच ओढा.” मी ओढल्या. सकाळी रेघ वर, संध्याकाळी रेघ खाली. माडाच्या बुंध्याकडे माझी पाठ होती.